मे महिन्यातले उणे चाळीस

मे महिन्यात भर दुपारी, इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या फाटकाशी, बाहेर ४१ अंश तापलेले असताना आमच्या गाडीने जाहीर केलं की इथे उणे ४० अंश थंडी आहे.

गाडी २००६ची. डिझेल, फोर बाय फोर. ‘विकून टाका आता हिला’ हे वाक्य दर दिवाळीच्या साफसफाईत एकदा खाली निघतं आणि पितळी डब्यांबरोबर घासूनपुसून पुन्हा फळीवर जातं. पण हे थंडीचं प्रकरण नवीन होतं. चावी फिरवली की थंड डिझेल इंजिनला सुरू होण्याआधी ऊब देणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा, जो उन्हाळ्यात लागला न लागला तोच विझतो, तो ठाण मांडून बसायला लागला. गाडी सुरू झाली की काळा धूर, आणि रेडिएटरचा पंखा पहिल्या मिनिटापासून जीव तोडून घुमायचा. मग पाच मिनिटांत सगळं आपोआप सुरळीत. मिस्त्रीकडे नेली तर विचारूच नका. बघायला पाहुणे आल्यावर मुलगी होते तशी शालीन.

शेवटी स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या तक्रारी वाचणारा स्कॅनर मीच लावला. कोड आला पी-०११८, म्हणजे कूलंटचं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. आणि तापमानाच्या चौकटीत -४०. उणे चाळीसची गंमत अशी की सेल्सिअसमध्ये मोजा की फॅरनहाइटमध्ये, आकडा तोच. एकक बदलून पाहायचीही सोय नाही.

सगळे करतात तेच मीही केलं, सेन्सर बदलला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी महूच्या रस्त्यावर पुन्हा सायबेरिया.

मग मात्र जरा शिकायला बसलो. कॉम्प्युटर या सेन्सरला पाच व्होल्ट धाडतो. सेन्सर म्हणजे आत एक चिमुकला रोधक. गरम झाला की त्याचा रोध कमी होतो आणि ते पाच व्होल्ट तो खाली ओढतो. कॉम्प्युटर बघतो, किती उरले, आणि त्यावरून तापमान ठरवतो. जेवढं गार, तेवढं व्होल्टेज जास्त. आता मधली वायरच तुटली तर? खाली ओढणारं कोणी नाही, पाचच्या पाच जागेवर. कॉम्प्युटरला वाटतं, अरे बापरे, काय ही थंडी! पलीकडून काहीच निरोप आला नाही, हे त्याच्या हिशेबात कडाक्याची थंडी ठरतं.

आमच्या आजीचा हिशेब हाच होता. तिची थोरली बहीण ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. एका दिवाळीला तिचं पत्र आलं नाही. आजीने लगेच निष्कर्ष काढला, ताई रुसली. मग हिनेही चकल्यांचा डबा पाठवला नाही, भाचीच्या डोहाळजेवणाला गेली नाही, संक्रांतीपर्यंत पारा उतरतच गेला. पत्र आमच्याच आडनावाच्या एका घरी, दोन गल्ल्या सोडून, तीन महिने पडून होतं. दोन्ही बहिणी ठणठणीत होत्या.

तर वायर. जेल रोडवरून आणलेला मल्टीमीटर घेऊन मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मीटर आनंदाने ‘पूं’ म्हणाला. म्हणजे वायर शाबूत, सेन्सर नवा, आणि तरी उणे चाळीस. इथे माझी विद्या संपली आणि मी वायरिंगवाल्या काकांना बोलावलं.

काकांनी माझा मीटर बघितलाही नाही. म्हणाले, “गाडी चालू ठेवा, त्या आकड्यावर नजर ठेवा, आणि बोलू नका.” मग बॉनेटखाली वाकून त्यांनी वायरिंगचा जुडगा हातात घेतला आणि वीत वीत सरकत दाबत, हलवत, पिळत निघाले, आजारी माणसाचं पोट दाबत ‘इथे दुखतं का’ विचारावं तसे. मी आकडा वाचत होतो. ८६. ८६. ८७. इंजिनच्या मागच्या अंगाला, जिथे जुडगा एका पत्र्याला वळसा घालून खाली उतरतो, तिथे त्यांचा अंगठा पोचला आणि आकडा झाला -४०. अंगठा काढला, ८७.

वरचा काळा पाइप उन्हाळे खाऊन पापडासारखा मोडला. आतल्या वायरचं आवरण दिसायला अखंड होतं. काकांनी ती वाकवून दाखवली. बाकीच्या वायरी ताठ, ही मात्र त्या एका जागी सुतळीसारखी लुळी पडली. आवरण चिरलं तर आत तांबं तुटलेलं, टोकांना हिरवी भुकटी. एरवी टोकं एकमेकांना टेकलेली, म्हणून मीटर पूं करायचा; वायर जरा ताणली की फारकत.

“सेन्सर नाही मेला साहेब,” काका म्हणाले, “वायर मरून राहिली आहे.”

आमच्या या इंदुरी ‘राहिली आहे’ला पुण्याची मावसबहीण खूप हसते. हसू दे. मेलेली नाही, धड जिवंतही नाही, रोज थोडी थोडी मरते आहे, हे सगळं त्यात आलं. एकदाची तुटली असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

हा धडा मी याआधीही दोनदा गिरवला होता, फी भरून. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल थरथरायचं; चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चांगला होता, त्याच्या बुडाशी गंज फुगून तो केसभर वर उचलला गेला होता. हळू चालीत त्याचा आवाज पोचेना, आणि कॉम्प्युटरला वाटे चाक जाम झालं, म्हणून तो ब्रेक सोड-धर करी. आणि महूजवळच्या जानापाव डोंगराच्या चिखलात चारही चाकं झकास ओढत असताना फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत होता, कारण खालच्या स्विचच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पाणी शिरलेलं. स्कॅनर तक्रार कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, गुन्हा कोणाचा ते नाही. सुट्या भागांची दुकानं निम्मी या फरकावर चालत असावीत.

काकांनी खराब तुकडा कापून नवा जोडला, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली आणि वळणावर वायरला बोटभर ढील सोडली. पैसे सेन्सरच्या पावपट घेतले. चहा मात्र दोनदा.

आता रोज सकाळी, चावी अर्धी फिरवून मी आकडे बघतो. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचा आणि हवेचा सेन्सर जवळपास एकच तापमान सांगायला हवेत.

“आज ताप किती?” बायको पोह्यांवर झाकण ठेवत आतून विचारते.

“एकोणतीस.”

“आणि हवेला?”

“तीस.”

काल तो पिवळा दिवा किंचित जास्त वेळ रेंगाळला असं मला वाटलं. घरात कोणाला बोललो नाही.