पहिली लाट कुठे शिकावी: पुण्याहून मुल्कीपर्यंत

ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलिपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुडिहाल यांनी कांस्यपदक मिळवले आणि त्याच आठवड्यात माझी भाची आमच्या कोथरूडच्या घरी एकच विषय घेऊन आली. "मावशी, दिवाळीनंतर आपण दोघी सर्फिंग शिकायला जाऊ या." तिचे वय १९, माझे ४३. पोहणे आम्हा दोघींनाही येते, पण ते टिळक तलावातले, म्हणजे जिथे पाणी आपल्या जागी थांबते आणि दमल्यावर हात कठड्याला लागतो. मी होकार दिला खरा, मात्र कुठे जायचे हे ठरवायला आम्हाला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे शिकायला मिळाले, ते प्रत्यक्ष पाण्यातल्या चार दिवसांइतकेच मोलाचे होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिला अडथळा घरातच होता. आईने विषय ऐकताच मुरूडचे नाव काढले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, ती बातमी या शहरातल्या पालकांच्या मनातून अजून गेलेली नाही आणि जाऊही नये. "समुद्र आपला नाही गं," एवढेच ती म्हणाली. तिची भीती मला चुकीची वाटली नाही. उलट जागा निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे त्या भीतीनेच ठरवले.

भाचीच्या मनात बाली होते, कारण छायाचित्रांत दिसणाऱ्या सुंदर, पोकळ, निळ्या लाटा तिथल्या उलुवातूच्या असतात. पण तशी लाट उभी राहते ती पाण्याखालच्या खडकावर. समुद्राचा तळ अचानक उथळ झाला की लाट एकदम उभी होऊन कोसळते आणि कोसळताना तिच्यावरचा माणूसही त्याच कठीण तळाकडे जातो. तळ वाळूचा आणि हळूहळू चढत जाणारा असेल, तर लाट लांबवरच मोडते आणि कंबरभर पाण्यात फेसाचा सौम्य लोंढा होऊन किनाऱ्याकडे येते. नवशिक्याला हवा असतो तो हा फेस. त्यामुळे आमच्या वहीतला पहिला प्रश्न ठरला: तळाला काय आहे? बालीतही कुटासारखा वाळूचा किनारा आहे, पण नोव्हेंबरात तिकडे पावसाला सुरुवात होते आणि चार दिवस शिकण्यासाठी एवढा खर्च करणे मला पटले नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा. चेन्नईच्या दक्षिणेचे कोवलम हे देशातल्या सर्फिंगचे एक मोठे केंद्र आहे आणि तिथल्या कोळी कुटुंबांतून उत्तम सर्फर घडले आहेत. तरीही दिवाळीनंतरचे आठवडे म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मान्सूनचे आठवडे. पूर्व किनारा त्यामुळे बाद झाला. आपल्या पश्चिम किनाऱ्याचे नेमके उलटे आहे: जून ते सप्टेंबर तिथे नवशिक्याने पाण्यात पाऊलही टाकू नये आणि ऑक्टोबरनंतर तोच समुद्र शांत होत जातो. शांत होतो म्हणजे लाटा थांबतात असे नाही. स्थानिक वारा पडलेला असतानाही दक्षिण महासागरातल्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे पोहोचतात. लांबच्या प्रवासामुळे त्यांतले अंतर वाढलेले असते आणि दोन लाटांच्या मध्ये उठून सावरायला वेळ मिळतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते. निघण्याआधी आठवडाभर मी लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद वहीत उतरवून ठेवत होते.

"मग आपले कोकण का नको?" हा प्रश्न मला सर्वांनी विचारला. एक कारण भरती-ओहोटीचे. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती ४.५ मीटरच्या वर जाते, तर मंगळूरजवळ ती साधारण १.५ मीटरच्या आसपास राहते. पाणी इतके कमी चढत-उतरत असल्यावर लाट मोडण्याची जागा दिवसभरात फारशी सरकत नाही आणि शिकणाऱ्याचा गोंधळ कमी होतो. दुसरे कारण असे की, मला रोज पाण्यात उभे राहून शिकवणारे प्रशिक्षक हवे होते आणि कोकणात मी चौकशी केली तिथे मला तशी सोय मिळाली नाही. गोव्यातले आश्वे, मांद्रे, अरंबोल हे वाळूचे किनारे खरोखर चांगले आहेत, पुण्याहून एका रात्रीच्या बसने गाठता येतात आणि कोणाकडे दोनच दिवस असतील तर मी तेच सुचवीन. सुट्टीच्या गर्दीत बोर्डावरून कोणाच्या तरी अंगावर पडण्याची धास्ती मला होती, म्हणून ते सोडले. केरळातले वर्कला रेल्वेने दीड दिवस दूर, तर श्रीलंकेतले वेलिगामा वाळूच्या उथळ खाडीमुळे जगभरच्या नवशिक्यांचे आवडते असले तरी या खेपेला आवाक्याबाहेरचे होते.

उरले कर्नाटकातले मुल्की. भारतातला पहिला सर्फिंग क्लब २००४ मध्ये इथेच, शांभवी नदीच्या काठी, एका आश्रमात सुरू झाला आणि २०१६ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा शेजारच्या ससिहित्लू किनाऱ्यावर भरली. फोनवरची चौकशी मी तीन-चार ठिकाणी केली होती. दुसऱ्या एका गावातल्या शाळेने "पोहता येत नसले तरी चालेल" असे सांगितले आणि एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतात, या प्रश्नाला दोनदा बगल दिली. मुल्कीच्या प्रशिक्षकांनी मात्र पैशांचे बोलण्याआधी आम्हाला किती वेळ न थांबता पोहता येते, ते विचारले. तिथेच माझा निर्णय झाला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पनवेलला जाऊन दुपारची मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडली, भल्या पहाटे उडुपीला उतरलो आणि मंगळूरकडे जाणाऱ्या खासगी बसने तासाभरात मुल्की गाठले. नीरदोसा आणि गरम बन्स खाऊन आठ वाजता आम्ही वाळूवर उभ्या होतो.

पहिला पाऊण तास पाण्याला स्पर्शही झाला नाही. प्रशिक्षकांना तिथे सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी आम्हाला समुद्राकडे तोंड करून बसवले आणि पोहायला सर्वांत सुरक्षित जागा कोणती वाटते, असे विचारले. डावीकडे आणि उजवीकडे लाटा फुटत होत्या, मधल्या पट्ट्यात पाणी गडद आणि शांत दिसत होते. मी त्या शांत पट्ट्याकडे बोट दाखवले. अण्णा म्हणाले, "ताई, बुडणारे बहुतेक लोक हेच बोट दाखवतात." किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि जिथे तळ थोडा खोल असतो तिथून ओढ्यासारखे समुद्राकडे धावते. खोल पाण्यात लाट मोडत नाही, म्हणून वरून ती जागा शांत दिसते. हा रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, तो आत वाहून नेतो. घाबरलेला माणूस सरळ किनाऱ्याच्या दिशेने त्याच्याविरुद्ध पोहत राहतो आणि दमून बुडतो. प्रवाहातून सुटायचे तर आधी किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हायचे आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर परत यायचे. अण्णांनी एक नारळाची झावळी त्या पट्ट्यात टाकली. आमच्या डोळ्यांदेखत ती लाटांच्या पलीकडे गेली. मी त्या क्षणी मुरूडचा विचार करत होते. शाळेच्या भूगोलात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, पण किनाऱ्यावर सहल नेणाऱ्या कोणीही हा शांत पट्टा आम्हाला कधी दाखवला नव्हता. प्रत्येक शाळेने तो दाखवला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मतलई वाऱ्यांची ओळख मात्र उपयोगी पडली. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हा वारा लाटेला समोरून आधार देतो, त्यामुळे तिचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की सगळे पाणी विस्कटते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आमचा सराव साडेसहालाच सुरू होऊ लागला.

बोर्ड नऊ फुटी आणि मऊ फोमचे होते. लांब, जाड बोर्ड पाण्यावर स्थिर राहतो आणि डोक्याला लागला तरी इजा कमी होते. दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची, बोर्डावर पालथे पडून फेस जवळ आला की चार जोरदार हात मारायचे, तळवे बरगड्यांशी टेकवून छाती उचलायची आणि दोन्ही पाय एकाच हालचालीत अंगाखाली आणायचे. पडताना सूर मारायचा नाही, पसरून पडायचे आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरायचे. दोन दिवस मी गुडघ्यांवरच अडकले, कारण मी पायांकडे बघत होते. तिसऱ्या सकाळी अण्णांनी मला किनाऱ्यावरचे एक माडाचे झाड दाखवले आणि फक्त त्याच्याकडे बघायला सांगितले. त्या फेसावर मी उभी राहिले आणि वाळू लागेपर्यंत उभीच होते. किती सेकंद ते मी मोजले नाही. पायांखाली पाणी धावते आहे आणि आपण त्याच्याबरोबर आहोत, ही जाणीव मला या वयात पहिल्यांदा मिळाली.

चौथ्या दिवशी भाचीला फेसाच्या पलीकडे, न मोडलेल्या लाटेवर नेले. मला नेले नाही आणि ते योग्यच होते, कारण हात मारताना माझे खांदे लवकर दमत होते. तिने तीन लाटा सोडल्या, चौथी पकडली. संध्याकाळी मी आईला फोन करून सगळे सांगितले, तेव्हा तिने लाटेबद्दल काही विचारले नाही. तिने मला तो शांत दिसणारा पट्टा कसा ओळखायचा, ते दोनदा सांगायला लावले.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, पुन्हा मुल्कीलाच आणि या वेळी सहा दिवस. तोपर्यंत मी आठवड्यातून चार सकाळी टिळक तलावात, कठड्याला हात न लावता.