पालिकेच्या जागेचा भाडेपट्टा आणि निशाणी ५

नगरपरिषदेचा बाजारतळालगतचा मोकळा भूखंड, वाहनतळासाठी, तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने. ई-निविदेत माझा देकार, म्हणजे बोली, सर्वांत वरचा ठरला आणि आर्थिक लिफाफा उघडल्यापासून नवव्या दिवशी स्वीकृतिपत्र आलं. बाराव्या दिवशी जुन्या भाडेपट्टेदाराने दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि त्याच संध्याकाळी ‘जैसे थे’चा एकतर्फी हुकूम घेतला. ताबा मिळायला पुढे पाच महिने गेले. अशा दाव्यात वकील कितीही मोठा असो, काम करतात त्या तारखा. म्हणून इथे तारखांबद्दलच जास्त लिहितोय.

पहिली चूक कॅव्हेटची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ प्रमाणे कॅव्हेट लावून ठेवलं की एकतर्फी हुकुमाआधी आपल्याला नोटीस मिळते. ते 90 दिवस टिकतं, नंतर नवीन लावायचं. मी स्वीकृतिपत्राची वाट पाहत बसलो. आर्थिक लिफाफा उघडतो त्याच दिवशी ते लावायला हवं होतं, कारण हरलेल्याला निकाल तेव्हाच कळतो. दिवाणी न्यायालयाचे कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर, दोन्हीकडे लावावं. दाव्याचं मूल्यांकन फिरवून तो कुठल्याही टेबलावर जाऊ शकतो. समोरच्याचं नाव फर्मच्या नावाने आणि मालकाच्या नावानेही लिहावं. दाखल विभागात नाव जुळवून पाहतात. नाव चुकलं की कॅव्हेट असून नसल्यासारखं.

हुकूम झाल्याचं मला पालिकेच्या मालमत्ता विभागातून तोंडी कळलं. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधलं, प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (सीएनआर) मिळाला, आणि दावा, निशाणी ५ व रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद) यांच्या नकलांसाठी अर्ज टाकला. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडे त्याला वर्षानुवर्षं हाच क्रमांक पडतो, म्हणून वकील नुसतं ‘एक्झिबिट फाइव्ह’ म्हणतात. नकलेत सगळ्यांत आधी रोजनामा वाचावा. आदेश ३९ नियम ३ प्रमाणे एकतर्फी मनाई घेणाऱ्याने अर्ज, दावा, प्रतिज्ञापत्र आणि कागद यांच्या प्रती समोरच्याला लगेच पाठवायच्या असतात आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. आमच्या प्रकरणात ते सहाव्या दिवशी दाखल झालं होतं. एवढ्यावर हुकूम उठत नाही, पण युक्तिवादाची सुरुवात चांगली होते.

तीस दिवसांचंही तसंच. नियम ३अ सांगतो की एकतर्फी मनाई दिल्यावर अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा आणि जमलं नाही तर कारणं नोंदवावीत. मुदत उलटली म्हणून हुकूम आपोआप पडत नाही. सहा महिन्यांनी स्थगिती गळून पडते, हेही कोर्टाच्या आवारात अजून ऐकू येतं. ते 2018 च्या एशियन रिसरफेसिंग निकालातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी ते मोडीत काढलं. वाट पाहून काही सुटत नाही.

दाव्यात प्रतिवादी फक्त नगरपरिषद आणि मुख्याधिकारी. माझं नाव मुद्दाम वगळलेलं, कारण पालिकेचा वकील ‘से’साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, तारखा घेत राहणार हे वादीला पक्कं ठाऊक होतं. तसंच झालं, लागोपाठ तीन तारखा म्हणणं दाखल नाही. मला आदेश १ नियम १० खाली सामील होण्याचा अर्ज द्यावा लागला. सोबत स्वीकृतिपत्र, बयाणा रक्कम भरल्याची पावती, आणि एकच मुद्दा: मागितलेला हुकूम मिळाला तर माझा हक्क मला न ऐकता जातो. अर्ज मंजूर झाला. इथे अजून एक फट आहे. दाव्यात आपलं नाव घालण्याची दुरुस्ती वादीने करायची असते आणि तो ती रेंगाळवतो. हुकुमातच दुरुस्तीची तारीख घालून मागा, आणि त्याच दिवशी वकीलपत्र व म्हणणं दाखल करून टाका.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात कलम ९२ आहे. पालिका आपली जागा तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देऊ शकते, त्यावर पक्कं बांधकाम करता येत नाही. वरिष्ठ परवानगीने मुदत वाढली तरी एकूण नऊ वर्षांपुढे जात नाही. वादीची नऊ वर्षं भरली होती. म्हणजे नूतनीकरणाचा हक्कच उरला नव्हता. हे त्याच्या वकिलालाही कळत होतं, म्हणून दाव्यात भर होता ताब्यावर: कायदेशीर मार्गाशिवाय हटवू नये, आणि त्यासाठी निविदाही थांबवावी. या दोन मागण्या एका वाक्यात गुंफलेल्या असतात. आमच्या वकीलबाईंनी म्हणण्याच्या पहिल्याच पानावर त्या वेगळ्या काढल्या. ताब्याला संरक्षण मागणं एक, आणि पुढच्या तीन वर्षांचा करार अडवणं दुसरं. पहिल्याला थोडा तरी आधार असतो, दुसऱ्याला मुदत संपलेल्या माणसाकडे काहीच नसतो.

वादीचा सगळ्यांत जड कागद म्हणजे पालिकेच्याच पावत्या. मुदत संपल्यावरही पालिकेने चार महिने ‘भाडे’ या शीर्षाखाली पैसे घेतले होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११६ चा आधार घेऊन तो म्हणत होता की मालकाने भाडं स्वीकारलं, म्हणजे भाडेपट्टा चालू राहिला. रोखपाल कशाला मुदत पाहतो! संगणकात खातं उघडं होतं, पैसे आले, पावती फाटली. तोडगा पालिकेच्याच फाइलमध्ये निघाला. मुदत संपण्याआधी दिलेल्या नोटिशीत ‘यापुढील रक्कम हक्कास बाधा न येता, वापराची नुकसानभरपाई म्हणून स्वीकारली जाईल’ असं वाक्य होतं आणि पोहोच पावतीवर वादीची सही होती. ती जावक नोंदवहीच्या उताऱ्यासह लावली. पावतीपेक्षा ही सही भारी पडली.

आणि दडवलेली गोष्ट: वादी स्वतः याच निविदेत उतरला होता, तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरला होता आणि दरात हरला होता. दाव्यात याचा शब्द नाही. महाटेंडर्स पोर्टलवर निविदेच्या स्थितीत तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्याचा सारांश तारीख-वेळेसह दिसतो. तो उतरवून घेतला. अशा संगणकीय कागदासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात भाग अ आणि भाग ब असे दोन असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहावी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा नमुना झेरॉक्सवाल्याकडे अजून मिळतो, तो लावू नका. आदेश ३९ च्या नियम ४ प्रमाणे महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून मिळवलेली एकतर्फी मनाई रद्द होते. आमच्याविरुद्धचा हुकूम उठण्याचं मुख्य कारण हेच.

उशीरही मांडला. जाहिरात निघाल्यापासून दाव्यापर्यंत 47 दिवस वादी गप्प होता, मध्ये बयाणाही भरला. रमणा दयाराम शेट्टी हा 1979 चा निकाल मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेचा आहे. प्राधिकरणाने स्वतःचीच अट मोडली असं सर्वोच्च न्यायालयाने धरलं, तरी याचिकाकर्ता पाच महिन्यांहून अधिक उशिरा आला आणि तोवर दुसऱ्याने खर्च करून ठेवला होता, म्हणून त्याला काही मिळालं नाही. ताब्याच्या प्रश्नावर गोव्यातून गेलेला मारिया मार्गारिडा हा 2012 चा निकाल वाचून दाखवला: ताबा कशाच्या जोरावर हे दाव्यात तपशिलाने सांगितलं पाहिजे, आणि दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाने हक्क तपासणं हाच कायदेशीर मार्ग.

सोबत एक मागणी केलीच: मनाई चालू ठेवायची असेल तर वादीने माझ्या देकाराइतकी रक्कम दरमहा न्यायालयात भरावी. नंतर भरपाई मागायची म्हटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली कमाल 50,000 रुपये. मासिक आकडा समोर आल्यावर वादीचा सूर बदलला.

या काळात जागेवर मी पाऊल ठेवलं नाही. ‘जैसे थे’ म्हणजे नक्की काय, हे हुकुमात लिहिलेलं नव्हतं. पत्र्याची शेड आणि दोन हातगाड्या तिथे होत्या, त्यांचे फोटो पालिकेच्या पंचनाम्यासह दाखल केले. उत्साहाने फलक लावायला गेलं की आदेश ३९ नियम २अ चा, म्हणजे हुकूम मोडल्याचा, अर्ज येतो. त्यात जप्ती आहे आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही. दुसरीकडे निविदेची वैधता 120 दिवसांची, ती संपत आली होती. पालिकेने मुदतवाढ विचारली तेव्हा होकार बिनशर्त दिला. ‘भाडं कमी केल्यास’ असं काही लिहिलं असतं तर देकार बदलला, असं म्हणायला वादी मोकळा होता.

तेराव्या आठवड्यात निशाणी ५ नामंजूर झाली. ताबा मात्र पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनच घ्यावा, असं हुकुमात होतं. वादीने अपिलासाठी स्थगिती मागितली, ती मिळाली. आदेश ४३ खालच्या किरकोळ दिवाणी अपिलाला 30 दिवस असतात. या वेळी जिल्हा न्यायालयात आमचं कॅव्हेट त्याच दिवशी लागलेलं होतं, त्यामुळे पहिल्याच तारखेला दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या 1990 च्या निकालाप्रमाणे खालच्या न्यायालयाने विवेक रीतसर वापरला असेल तर अपिलात फेरविचार होत नाही. स्थगिती पुढे वाढली नाही.

नोटिशीची मुदत संपल्यावर पालिकेने पंचनामा करून ताबा घेतला आणि मला ताबापावती दिली. भाडेपट्टा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असल्याने नोंदणी आलीच. मसुद्यात तीन वर्षं आणि भाडं दोन्ही स्वीकृतिपत्राच्या तारखेपासून मोजलं होतं, म्हणजे न वापरलेल्या पाच महिन्यांचं भाडं माझ्या माथी. ते खोडून ‘ताबापावतीच्या तारखेपासून’ करून घेतलं, आणि मगच दुय्यम निबंधकाकडे सही केली.