टेबलावरचं लोको शेड
आज अख्खा रविवार नेरळच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये गेला. म्हणजे घरातच, टेबलावर! माथेरानच्या छोट्या गाडीचा डायोरामा (हुबेहूब छोटा देखावा) करतोय, प्रमाण १:८७. साडेपाच फुटी फिटर इथे जेमतेम १९ मिलिमीटरचा, आणि त्याचा हातोडा म्हणजे टाचणीचा तुकडा. एक शिंक आली नि हातोडा गायब. शेवटी आईने चष्मा लावून शोधून दिला.

खरी मजा सगळं मळवण्यात! गंजासाठी विटकरी खडूची पूड, ऑइलच्या डागांना काळ्या रंगात थेंबभर चकचकीत वार्निश. व्हाइसखालची (लोखंडी पकडीखालची) जमीन जास्त काळी, दाराजवळची धुळीने पांढरट. भिंतीवर कॅलेंडरही टांगलं, नखाच्या चतकोराएवढं.

"स्वतःची खोली कधी आवरणार?" इति आई.

इंजिन मात्र अजून खोक्यातच आहे.