कॉमन मॅनपेक्षा कावळे भारी

पुण्यात बालेवाडीला व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचं संग्रहालय २०२२ मध्ये उघडलं, पण कोथरूडकरांना बालेवाडी म्हणजे परगावच! रविवारी सासूबाईंना घेऊन गेले एकदाची. चौकडीचा कोट, धोतर, कॉमन मॅन वगैरे बघून त्या म्हणाल्या, “याला ओळखते गं मी, पुढे चल.” आणि कावळ्यांपाशी ठाण मांडून बसल्या. लक्ष्मणांना लहानपणापासून कावळ्यांचं वेड. ब्रशच्या चार फटकाऱ्यांत मान वाकडी करून बघणारा आगाऊ कावळा! मला तर त्यांच्या राजकीय चित्रांपेक्षा हेच जास्त आवडतं. या माणसाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता म्हणे, ऐकून सासूबाई खोखो हसल्या. “आमच्या गॅलरीतला कावळा याहून वाईट नजरेनं बघतो हं,” हे वर.