तुम्ही विचारलंत म्हणून : दीक्षाविधीच्या आधीची दोन मिनिटे

शाळेच्या स्काऊट पथकात नवी मुले वचन देऊन सामील होतात, त्या दीक्षाविधीचा आठवडा आला की हा प्रश्न येतोच. कधी मुख्याध्यापक विचारतात, कधी शाळा व्यवस्थापन समितीचे एखादे सदस्य, कधी फाटकाशी मोटारसायकल उभी करून एखाद्या मुलाचे वडील: "सर, वचन द्यायच्या आधी तुम्ही पोरांना एकेकट्याने लिंबाखाली नेऊन काय विचारता?" आजवर मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होत आहे, पथक दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाईल आणि लिंबाचे झाड तिथेच राहील, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी विचारतो ते एवढेच: "वचनात तू 'ईश्वर' म्हणणार की 'धर्म'?" ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य करण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन, असे स्काऊट वचन देतो आणि त्यातल्या 'ईश्वर' या शब्दाऐवजी वाटल्यास 'धर्म' म्हणता येईल, अशी मुभा भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या वचनाखालच्या टिपेतच दिलेली आहे. ती मी घरून आणलेली नाही. हे इतक्यांदा सांगावे लागले आहे की आता ते पुस्तक मी टेबलाच्या खणात त्या पानात सुतळी घालूनच ठेवतो. तरीही पुस्तक पाहून कोणाचे समाधान झाल्याचे मला आठवत नाही, कारण विचारणाऱ्याला नियमाशी काही घेणे नसते. एकाला वाटते की मी पोरांच्या डोक्यात नसती शंका भरवतो. दुसऱ्याला वाटते की मी कोणत्या घरचे पोर काय म्हणते याची यादी करतो. तिसरा सरळ म्हणतो, "दहावीला वाढीव गुण मिळाल्याशी मतलब, शब्दाचं काय घेऊन बसलात?" या तिसऱ्या माणसाचा मला राग येत नाही, पण त्याच्याशी बोलण्यासारखेही काही उरत नाही.

राहिलेल्या दोघांना उत्तर द्यायचे तर 1996 सालचा एक गुरुवार सांगावा लागेल. तो मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेला नाही. शाळा आणि गाव यांची नावे घेत नाही. परभणी जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची प्रशाला होती, एवढे पुरे.

मी नोकरीत चौथ्या वर्षाला होतो आणि पथक माझे होते, या शब्दांत जितका ताठा असू शकतो तितक्या ताठ्याने माझे होते. अकरा मुलांचा दीक्षाविधी होता. जिल्ह्याहून पाहुणे आले होते, मैदानावर फक्की मारली होती आणि आदल्या दिवशी मी अकराही स्कार्फ स्वतः घरी नेऊन इस्त्री करून आणले होते. मुलाने पुढे यायचे, डावा हात ध्वजाच्या कापडावर ठेवायचा, उजव्या हाताची तीन बोटे उंचावायची आणि वचन म्हणायचे. मग मी गळ्यात स्कार्फ घालायचा, बिल्ला लावायचा आणि डाव्या हाताने हस्तांदोलन करायचे. पहिल्या सहा जणांचे व्यवस्थित झाले. त्यांपैकी एकाची जीभ 'कर्तव्य' शब्दावर दोनदा अडखळली, तेव्हा मी हसून पाठीवर थाप दिली. चौथा मुलगा मुस्लिम होता. त्याने 'ईश्वर' ऐवजी 'खुदा' म्हटले, मी ते ऐकले आणि स्कार्फ घातला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती माझ्या बाजूची नाही.

सातवा मुलगा सातवीतला होता. गाठी त्याच्याइतक्या सफाईने पथकात कोणाला येत नसत. डोळे मिटून बोलाइनची गाठ मारायचा. त्याने वचन सुरू केले, 'देतो की' पर्यंत आला आणि थांबला. मला वाटले, विसरला. मी हळूच म्हटले, "ईश्वर." तो गप्प. मी पुन्हा म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग ध्वजाकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात "माझा देश याविषयीचे माझे कर्तव्य" असे म्हणून पुढचे सगळे वचन एकही चूक न करता पूर्ण केले. पाहुण्यांनी मान वळवून मुख्याध्यापकांकडे पाहिले, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात स्कार्फ होता. मी तो पुन्हा घडी केला आणि म्हणालो, "वचन पूर्ण नाही, तर स्कार्फ नाही. मागे जा." तो सलाम करून मागे गेला. सलामही बिनचूक होता. उरलेल्या चौघांचा विधी झाला, टाळ्या झाल्या, पाहुण्यांचे भाषण झाले, आणि सबंध वेळ दहा स्कार्फांच्या रांगेत एक उघडा गळा उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ते भांडायला आले असते तर मला सोपे गेले असते, कारण भांडणाची तयारी मी रात्रीच केली होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार होऊन दोनच वर्षे झाली होती, गावागावांत जुन्या जखमा ओल्या होत्या, आणि वरच्या आळीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराच्या मनात 'यांना प्रत्येक गोष्टीत राजकारण दिसते' हे वाक्य तयारच असायचे. ते बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीला हायेत. पोरगं रोज वाचतंय. आम्ही देव मानीत न्हाई. त्याच प्रतिज्ञांत 'खोटं बोलणार नाही' असं बी हाय. आता त्यानं तुमच्यासमोर खोटं बोलावं, का न बोलावं, तेवढं सांगा."

मी त्यांना शिस्तीवर बोललो. गणवेश एक, सलाम एक, वचन एक, यातच स्काऊटचे सार आहे असे सांगितले. ते ऐकत राहिले आणि उठताना म्हणाले, "तुमचा पहिला नियम पोरानं पाठ म्हणून दाखवला घरी. स्काऊट विश्वासू असतो. चांगला हाय नियम."

टीप मला त्याच रात्री सापडली, आणि इथे मला स्वतःला सूट देता येत नाही. पुस्तक माझ्याकडे बेसिक कोर्सपासून होते. त्याच पानावर मी पेन्सिलीने सलामाच्या कोनाची खूण केलेली होती आणि त्याच पानाच्या तळाशी ती ओळ होती. प्रशिक्षणात ती कोणी वाचून दाखवली नव्हती, हे खरे. माझ्या घरात देवघर होते, वचनातला तो शब्द माझ्या घशात कधी अडला नव्हता आणि जिथे आपल्याला ठेच लागत नाही तिथे आपण खाली पाहून चालत नाही, हेही तितकेच खरे. 'खुदा' हा शब्द तर टिपेतही नव्हता, तो मी नियमाबाहेर जाऊन चालवून घेतला. मग नियमातली सूट ज्याला हक्काने मिळायची त्याला मी का अडवले? मला नियम पाळायचा नव्हता; माझ्या लेखी वचनात कोणता तरी देव असणे पुरेसे होते आणि नसणे हा उद्धटपणा होता. दुसरे स्पष्टीकरण मी बरीच वर्षे शोधले.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावले, ओळ दाखवली आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "तू 'धर्म' म्हण. सोमवारी मी स्कार्फ देतो." त्याने ओळ वाचली आणि विचारले, "धर्म म्हंजे कोणता, सर?"

मी म्हणालो, "ज्याचा जो असेल तो."

तो म्हणाला, "बाबांना विचारतो." सोमवारी तो आला, पण पथकातली दोरी परत करायला. दोन मीटरची सुती दोरी होती. तिची दोन्ही टोके उसवू नयेत म्हणून त्याने पांढऱ्या दोऱ्याने गच्च आवळून बांधली होती, वेढ्याला वेढा लागून, मध्ये सुई जाणार नाही इतके. दोरीची टोके अशी बांधण्याला व्हिपिंग म्हणतात; ते मी पथकाला शिकवायला घेतलेच नव्हते. दोरी माझ्या टेबलावर ठेवून तो गेला. पुढे तीन वर्षे तो त्याच शाळेत होता, माझ्या वर्गात इतिहास शिकला, पथकात परत आला नाही. मी पुन्हा बोलावलेही नाही. का, असे विचाराल तर लाज वाटली म्हणून. आणि थोडासा राग होता म्हणूनही.

तेव्हापासून मी विचारतो.

आता त्या वेळच्या माझ्याशी माझे भांडण मिटले आहे असे समजू नका. तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मास्तर मूर्ख होता, पण त्याच्या म्हणण्यात काहीच नव्हते असे मला आजही म्हणवत नाही. ज्या गावात स्मशाने वेगळी आहेत, तिथे ट्रॅक्टरवाल्याचा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच रांगेत उभे राहून एकच वाक्य एकाच आवाजात म्हणतात, याची किंमत ज्याने ती रांग उभी केली आहे त्यालाच कळते. स्काऊट सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटचा बंधू असतो, असा तिसरा नियम आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1908 साली तो लिहिला तेव्हा समोरचा कोणत्याही सामाजिक वर्गातला असो, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लिंबाखाली नेऊन मी ती रांग अकरा ठिकाणी तोडतो, असे तो जुना मास्तर मला बजावतो. मी त्याला सांगतो की रांग तू स्कार्फ घडी केलास तेव्हाच तुटली होती. तो म्हणतो, एकाची तुटली, तू सगळ्यांची तोडतोस. यावर मी गप्प बसतो.

शब्द पवित्र आहे, त्याला हात लावू नका, असे जे म्हणतात त्यांच्यापुढे मात्र मी गप्प बसत नाही. मूळ वचनात ईश्वराच्या जोडीला इंग्लंडचा राजा होता. आपण राजा काढला आणि देश घातला, तेव्हा आकाश कोसळले नाही. 17 ऑक्टोबर 1949 रोजी घटना समितीत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी सूचना मांडली होती. तिला विरोध करणाऱ्यांत पंडित हृदयनाथ कुंझरू होते. ज्या गोष्टीचा संबंध प्रत्येकाच्या अंतःकरणाशी आहे, तिच्यात बहुमताने कोणावर सक्ती का करावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना उभी राहिली आणि तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त हेच कुंझरू होते. आपले आमदार-खासदारसुद्धा ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्याने प्रतिज्ञा करू शकतात. तिथे कोणी त्यांचा गमछा काढून घेत नाही.

पण याच तुलनेने माझी अडचणही उघडी पडते. आमदाराला मिळणाऱ्या दुसऱ्या पर्यायात ईश्वर नाही आणि धर्मही नाही. माझ्या मुलांना मिळतो तो पर्याय म्हणजे एका दारातून निघून शेजारच्या दारात जाण्यासारखा आहे. धर्म म्हणजे कर्तव्य, नीती, धारण करतो तो, असा अर्थ मी आता लिंबाखाली समजावून सांगतो. पण गावात त्या शब्दाचा अर्थ शाळेच्या दाखल्यावरच्या रकान्यातूनच ठरतो आणि बारा वर्षांच्या मुलाला तो रकाना पाठ असतो. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने 2013 साली ईश्वर न मानणाऱ्यांसाठी वेगळे वचन देऊ केले. अमेरिकेतल्या संघटनेने मुलींना प्रवेश दिला, 2025 साली नावातला 'बॉय' काढला, वचनातला ईश्वर मात्र तसाच ठेवला. म्हणजे कोणाला आत घ्यायचे हे एकदा ठरले तरी आत आल्यावर त्याने काय म्हणायचे हे ठरतेच असे नाही, आणि हा गोंधळ एकट्या मराठवाड्याचा नाही, एवढे समाधान मी करून घेतो.

सगळ्यांत कठीण आक्षेप माझ्या एका सहकारी मित्राने घेतला. तो आंबेडकरी चळवळीत वाढलेला आहे. तो म्हणाला, "बाजूला नेऊन विचारतोस म्हणजे ती लपवायची गोष्ट आहे, असंच पोराला शिकवतोस ना? आमची माणसं पिढ्यान् पिढ्या बाजूलाच उभी होती." मला ते इतके लागले की पुढच्या वर्षी मी सर्वांसमोर विचारले. पहिला मुलगा 'ईश्वर' म्हणाला आणि शेवटच्या मुलापर्यंत सगळे 'ईश्वर' म्हणाले. त्यांतल्या तिघांच्या घरी काय मानतात, हे मला आणि वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यानंतरच्या वर्षी मी पुन्हा लिंबाखाली गेलो. मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग शब्दच काढायला लावा वरच्यांना." मी एकदा तसे पत्र लिहायला बसलो होतो. मसुदा अजून खणात आहे, कारण दुसऱ्या परिच्छेदात मला त्याच शाळेतला एक माळकरी घरचा मुलगा आठवला. 'ईश्वर' म्हणताना त्याने डोळे मिटले होते आणि त्याच्याइतके ते वचन मनापासून कोणी दिलेले मी पाहिलेले नाही. त्याचा शब्द मी कोणत्या तोंडाने काढू?

तर मी काय विचारतो, ते हे. यादी करत नाही. मुलाने सांगितलेला शब्द मी कोणाला सांगत नाही आणि वचनाच्या वेळी त्याने आयत्या वेळी बदलला तरी हरकत घेत नाही. ती दोरी माझ्याकडेच आहे. नव्या मुलांना व्हिपिंग दाखवताना ती काढतो आणि कोणी केली असे विचारले तर एका विद्यार्थ्याने, एवढेच सांगतो.

या वर्षी सात मुले आहेत. सहा जणांनी आपापले शब्द सांगितले. सातव्याने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि मग सोमवारपर्यंत मुदत मागितली. सोमवारी त्याने काहीही सांगितले, किंवा काहीच सांगितले नाही, तर मी काय करणार, हे माझे अजून ठरलेले नाही. स्कार्फ मात्र मी सातही इस्त्रीला दिले आहेत.