लंडनचा उन्हाळा, दोन रंगांची छपाई आणि आपली नाशिकरोडची प्रेस

जूनमध्ये इथे लंडनला माझ्या ग्राफिक डिझाईनच्या सेकंड इयरची सबमिशन्स संपली आणि घरून पहिला प्रश्न आला की एवढी मोठी सुट्टी आहे तर नाशिकला का येत नाहीस. आत्याला तर अजून पटलेलं नाहीये. तिच्यासाठी, आणि पुढच्या वर्षी इकडे डिझाईन शिकायला यायचं चाललंय त्या सगळ्यांसाठी सांगते, ग्राफिक डिझाईनवाल्याने निदान एक उन्हाळा लंडनमध्ये काढावाच. वर्गात जे शिकवतात ते कशासाठी शिकवतात हे मला या दिवसांत बाहेर फिरून कळलं.

सुरुवात डिग्री शोपासून होते. इथली आर्ट कॉलेजेस उन्हाळ्याच्या तोंडावर फायनल इयरच्या मुलांचं काम मांडतात, बहुतेक ठिकाणी कुणीही आत जाऊ शकतं, मुलं स्वतः कामाशेजारी उभी असतात आणि विचारलं की अगदी मनापासून सांगतात. मग लंडनमध्येच इस्लिंग्टनला न्यू डिझायनर्स नावाचं प्रदर्शन भरतं, १९८५ पासून चालू आहे, देशभरातल्या कॉलेजांमधून नुकती बाहेर पडलेली मुलं तिथे स्टॉल लावतात, आणि पुढच्या वर्षी आपण कुठे असायला हवं याचा अंदाज तिथे जेवढा येतो तेवढा इंटरनेटवर पोर्टफोलिओ बघून येत नाही. रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशनसुद्धा बघितलं, ते १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरतंय आणि त्यात कुणीही आपलं काम निवडीसाठी पाठवू शकतं. भिंती खालपासून वरपर्यंत भरलेल्या, मान दुखते. मला त्यातल्या छापील चित्रांपाशीच जास्त वेळ लागला, कारण एकाच चित्राच्या अनेक प्रती असतात आणि जेवढ्या विकल्या गेल्या तेवढे ठिपके शेजारी टिकल्यांसारखे चिकटवलेले असतात.

पण खरं सुख फुकट म्युझियमचं आहे. व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), टेट मॉडर्न, ब्रिटिश म्युझियम, इथल्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, त्यामुळे सगळं एका दिवसात उरकायची घाई नसते. एकच वस्तू बघायला जायचं, वीस मिनिटं बघायची आणि घरी. व्ही अँड एमध्ये अर्दबीलचा गालिचा आहे, १५३९-४० चा, त्याचे रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं त्यावर नीट उजेड सोडतात. उजेड लागला की सगळे काचेभोवती गोळा होतात, आणि दहाच मिनिटं मिळणार म्हटल्यावर माणूस फोन बाजूला ठेवून खरंच बघतो.

आता कामाचं, कारण पालक तेच विचारतात. स्टुडंट व्हिसावर डिग्री करणाऱ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. किमान पगार कायद्याने ठरलेला आहे, एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात तो १८ ते २० वयाच्यांना तासाला १० पाऊंड होता, २१ आणि त्यापुढे १२.२१. अनुभव मिळतोय ना मग पैसे कशाला असं म्हणणारे इकडेही भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. मला पूर्व लंडनमधल्या एका छोट्या प्रिंट स्टुडिओत काम मिळालं. नुसत्या ईमेलवर काही हलत नव्हतं, मग मी स्वतः छापलेली कार्डं घेऊन दारातच गेले, तिथल्या ताईंनी कार्ड हातात घेऊन आधी उलटं करून मागची बाजू बघितली आणि सोमवारपासून ये म्हणाल्या.

तिथे दोन गोष्टी होत्या, एक जुनं लेटरप्रेस मशीन आणि एक रिसोग्राफ. लेटरप्रेस म्हणजे आपल्याकडे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापायचे तेच, आणि माझे पहिले दिवस छापून झालेले खिळे पुसून परत कप्प्यांच्या पेटीत आपापल्या घरात टाकण्यात गेले. कंटाळवाणं वाटेल ऐकायला, पण दोन अक्षरांच्या मधली जागा हा स्क्रीनवरचा आकडा नसून शिशाची एक पट्टी असते जी बोटाने उचलून ठेवावी लागते, हे एकदा हाताला कळलं की लॅपटॉपवर टाईप लावतानाही हात सावकाश चालतो. रिसोग्राफ जपानी मशीन आहे, दिसायला झेरॉक्ससारखं पण एका वेळी आतल्या शाईच्या ड्रममध्ये असेल तोच एक रंग छापतं. निळा छापायचा, कागद सुकू द्यायचा, ड्रम बदलून गुलाबी घालायचा, तोच गठ्ठा परत आत सोडायचा आणि दुसरा रंग पहिल्यावर बरोबर बसतोय का हे बघत राहायचं. यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात. एक मिलिमीटर सरकलं की चेहऱ्याच्या कडेला पांढरी फट दिसते. ताई म्हणायच्या की फट येणारच आहे हे धरून डिझाईन कर, कडा एकमेकांवर थोड्या चढव, नाहीतर सरकलं तरी छान दिसेल असं काहीतरी काढ. कॉलेजात हे कुणी इतक्या साध्या भाषेत सांगितलं नव्हतं.

एका रात्री आजोबांना व्हिडिओ कॉलवर माझी ही दोन रंगांची छपाई दाखवली. आजोबा आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून, म्हणजे पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यातून, रिटायर झाले, पूर्ण नोकरी छापलेले कागद तपासण्यात गेली, आणि घरी त्यांनी कामाबद्दल फारसं कधी बोलायचंच नाही असं ठेवलेलं. पण गुलाबीची सरकलेली कड बघितली आणि भिंग मागवलं त्यांनी, मोबाईलच्या स्क्रीनवर भिंग धरून बघायला लागले! म्हणाले, ‘‘अगं, वरच्या कोपऱ्यात जास्त सरकलंय, खाली कमी. कागद तिरका जातोय तुझा.’’ दुसऱ्या दिवशी बघितलं तर कागदाच्या ट्रेचा एका बाजूचा आधार सैल होता.

मग त्यांनीच सांगितलं की ब्रिटिश लायब्ररीत जा, पोस्टाची जुनी तिकिटं बघ. किंग्ज क्रॉसजवळ आहे, तिकडेही फुकट, भिंतीत उभ्या फ्रेम्स बसवल्यात, एकेक बाहेर ओढायची आणि आतली तिकिटं बघायची. १८५५ पासून आपली तिकिटं लंडनमध्ये डे ला रू कंपनी छापायची आणि जहाजाने तिकडे यायची, नाशिकरोडला प्रेस सुरू झाल्यावर १९२५-२६ पासून हे काम आपल्या गावात आलं. त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, चार आण्याचं एक तिकीट कलकत्त्याला दगडावरून कागदावर (लिथोग्राफीने) दोन रंगांत छापलं होतं, लाल चौकट आणि आत व्हिक्टोरिया राणीचं निळं डोकं. काही शीट्स दुसऱ्या रंगाच्या वेळी उलट्या गेल्या आणि डोकं उलटं छापलं गेलं, आज जगातल्या अगदी दुर्मिळ तिकिटांमध्ये ते मोजतात. आजोबांनी लहानपणी ही गोष्ट मला सांगितली होती, पण दोन रंग स्वतःच्या हाताने एकावर एक बसवल्याशिवाय ती मला समजलीच नव्हती.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे हेच, एक छाप दुसऱ्यावर कुठे सरकलाय ते, शोधायला लागले. स्ट्रॅटफर्डला व्ही अँड एचं स्टोअरहाऊस २०२५ च्या मे अखेरीस उघडलं, म्हणजे म्युझियमचं गोदामच लोकांना खुलं केलंय, आणि तिथे आधी ऑनलाईन बुकिंग करून पाचपर्यंत वस्तू मागवता येतात, आपल्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. कुठलीही ओळख लागत नाही, विद्यार्थी असण्याचीसुद्धा अट नाही. मी ठशांनी छापलेलं जुनं भारतीय सुती कापड मागवलं. जवळून बघितलं की नक्षीच्या कोपऱ्यात बारीक बारीक टिंबं दिसतात, ठसा पुढे कुठे टेकवायचा याची खूण, आणि तरी दोन ठशांमधला सांधा कुठेतरी केसभर चुकलेला असतोच. त्या केसभर फरकावरून छापणाऱ्याचा हात कळतो. मला भरून आलं तिथे.

मग वाटतं की नाशिकच्या डिझाईनच्या मुलांना हे का दाखवत नाहीत? देशाची तिकिटं आपल्याकडे छापतात, नोटा छापायची प्रेससुद्धा १९२८ पासून इथेच, त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी छपाईच्याच धंद्यात होते, आणि येवल्याला पैठणीवाले धाग्याधाग्याने रंग जुळवतात. प्रेसच्या आत कुणाला सोडणार नाहीत हे मान्य, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण बाहेर एक खोली, जुनी तिकिटं, एक बंद पडलेलं मशीन आणि टेबलावर भिंग, एवढं नक्की होऊ शकतं. अंजनेरीला नाण्यांचं म्युझियम आहेच, १९८० पासूनची संस्था आहे, माझ्या शाळेतल्या किती मैत्रिणी तिथे गेल्या असतील माहीत नाही, मीसुद्धा येत्या सुट्टीत आधी तिथे जाणारे.

फायनल इयरच्या डिसर्टेशनसाठी मी नाशिकमधली छपाई हाच विषय दिलाय आणि तो मंजूर झालाय. डिसेंबरमध्ये घरी येतेय. गावात कुणाकडे जुनं ट्रेडल मशीन, लाकडी खिळे, लग्नपत्रिकांचे जुने ब्लॉक पडून असतील, किंवा नेहरूनगर, जेलरोडकडे कुणाचे आजी-आजोबा प्रेसमधून रिटायर झालेले असतील आणि जे सांगण्यासारखं आहे तेवढं सांगायला तयार असतील, तर प्लीज आईकडे निरोप ठेवा. भंगारात मात्र काही देऊ नका, मी येईपर्यंत थांबा.