सगळ्यांचं वाय-फाय दिसतं, आपलंच दिसत नाही

शुक्रवारी रात्री लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, आणि शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर वाय-फायच्या लिस्टमधे आमच्या घरचं नावच नाही. शेजारपाजारची चार-पाच नावं व्यवस्थित दिसतायत, आपलं गायब. फोनवर मात्र तेच वाय-फाय मस्त चालू.

तेवढ्यात मुलगी येऊन म्हणाली, बाबा, फोनवरून प्रिंट निघत नाहीये. म्हटलं थांब गं, आधी लॅपटॉपचं बघू दे. (हे लक्षात ठेवा.)

मग जे सगळेच करतात ते केलं. रीस्टार्ट, एअरप्लेन मोड चालू-बंद, परत रीस्टार्ट. नेटवर्क फर्गेट केलं, आणि मग कळलं की ते लिस्टमधे दिसतच नाहीये तर परत जोडणार कुठून! ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. कुठेतरी वाचलं की आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता, हाताने टाकून बघा, तर तोही टाकला, म्हणजे नक्की काय करतोय हे न समजता. यात दोन तास गेले.

शेवटी डोकं जरा चाललं आणि फोनचा हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपला नाव लगेच दिसलं. म्हणजे वाय-फाय कार्ड ठणठणीत आहे, ते आमच्या राउटरलाच ओळख दाखवत नाहीये. खरं तर ही टेस्ट सगळ्यात आधी करायला हवी होती, दोन मिनिटांचं काम.

फोनवर वाय-फाय ॲनालायझरसारखं एक ॲप टाकलं तर चोर सापडला. आमचा राउटर चॅनल 13 वर बसला होता.

आता हे चॅनल प्रकरण काय आहे, तर वाय-फायच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्याचे छोटे छोटे भाग म्हणजे चॅनल. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बऱ्याच देशांत 1 ते 13 चॅनल वापरतात, पण अमेरिकेत सहसा 11 पर्यंतच, आणि काही लॅपटॉपची कार्डं अमेरिकेच्याच सेटिंगवर असतात, त्यामुळे 12 आणि 13 वर काय चाललंय ते त्यांना दिसतच नाही. फोन सहसा ज्या देशात आहे तिथले नियम लावून घेतो म्हणून त्याला दिसतं. आमचा राउटर जुना, फक्त 2.4 वाला, चॅनल ऑटोवर. लाइट आल्यावर त्याने बघितलं कुठे गर्दी कमी आहे आणि गेला 13 वर. त्याचंही चूक नाही म्हणा.

फोनच्या ब्राउझरमधून 192.168.1.1 उघडलं (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, खालच्या स्टिकरवर असतो), वायरलेस सेटिंगमधे जाऊन ऑटो काढलं आणि 6 टाकलं. 6 च का, तर चॅनल एकमेकांपासून 5 मेगाहर्ट्झवर असतात आणि सिग्नल साधारण 20 मेगाहर्ट्झ जागा खातो, त्यामुळे 11 पर्यंतच्या चॅनलमधे एकमेकांच्या अंगावर न येणारे म्हणून सहसा 1, 6 आणि 11 वापरतात, आणि शेजाऱ्यांनी 1 आणि 11 भरून टाकलेले.

सेव्ह केलं, नाव दिसलं, पासवर्ड टाकला, कनेक्टेड! पण खाली लिहिलेलं, नो इंटरनेट.

हा मात्र शंभर टक्के माझा पराक्रम. मघाशी हाताने टाकलेला आयपी 192.168.0 ने सुरू होणारा, राउटरचा 192.168.1 ने, म्हणजे दोघं वेगवेगळ्या गल्लीत उभे राहून एकमेकांना हाका मारतायत. आयपी परत ऑटोमॅटिकवर केला आणि झालं चालू.

इतक्यात आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली. प्रिंटरलाही 13 दिसत नव्हता बहुतेक, आता आपोआप जोडला गेला आणि मुलीने सकाळपासून जितक्या वेळा बटण दाबलं होतं तितक्या कॉप्या एकामागून एक बाहेर येत होत्या.